लावणी डोलते

१९ एप्रिल, शनिवार

लावणीला दिवस गेले आहेत! आज हाताने चाचपून बघितलं, पोटात लिंबाएवढ्या गाठी लागल्या. हे एक वाक्य लिहायलाच ही वही उघडली, नाहीतर मी कसला लिहिणारा! पण आख्ख्या आयर्लंडात अजगराची पिल्लं काढणारा पहिला मराठी माणूस मी होतोय, तर त्याची कुठे नोंद नको?

लावणी म्हणजे माझी बॉल पायथन. चार फुटी, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक काळी नक्षी. अशा नक्षीवाल्यांना या धंद्यात 'स्पायडर' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी ॲथाय गावच्या डेक्लन नावाच्या सापवाल्याकडून आणली तेव्हाच तिची मान हलत होती. डेक्लन म्हणाला, "अ स्मॉल बिट ऑफ अ वॉबल, शी'ज ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे ठीकठाक. वॉबल कशाचं बे! आमच्या नागपुरात याला डोलणं म्हणतात. काय डोलते! मान अशी वळवते की बघणाऱ्याने शिट्टी मारावी. म्हणून तर नाव लावणी ठेवलं. तिचा नवरा सरदार मात्र साधा तपकिरी आणि ढिम्म.

सुमेधाला खाली जाऊन बातमी दिली. ती कानाची डॉक्टर, नास गावच्या हॉस्पिटलात. घर घेतानाच आमचा करार झालाय की वरची बॉक्सरूम, म्हणजे सापांची छोटी खोली, माझी, तिथे ती पाऊल टाकणार नाही, आणि तिच्या मसाल्यांच्या प्रेसला, म्हणजे कपाटाला, मी हात लावणार नाही. सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, "अभिनंदन हृषी. उद्या मी ऑन-कॉल आहे, भाजी तूच कर." बाईला कौतुक म्हणून नाही.

११ मे, रविवार

पोटुशी असताना साप सहसा खात नाहीत, पण आमची बाई खवय्यी. आज उंदीर दिला. पहिली झेप चिमट्यावर, दुसरी काचेवर, तिसरी हवेत. चौथीत धरला एकदाचा. इशिता शेजारी उभी होती. नऊ वर्षांची पोरगी, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आमच्या या क्लोनडॉकिन गावच्या इंग्रजीत. "बाबा, शी मिस्ड अगेन."

मी म्हटलं, "खेळते गं ती. पोट भरलेल्याचे चोचले."

"ॲण्ड व्हाय इज शी ऑल्वेज लुकिंग ॲट द सीलिंग?"

खरंच, जेवण झाल्यावर लावणी मान मागे टाकून छताकडे बघत बसते, कधीकधी पार उलटी होऊन. मी सांगितलं, ध्यान लावते. इशिताने खांदे उडवले. हल्लीच्या मुलांना अध्यात्म म्हणून नाही.

२२ मे, गुरुवार

आज ऑफिसात मी सॉफ्टवेअरचा रिलीज अडवला. छाती फुगवून लिहितो, अडवला! टेस्टिंगचा प्रमुख आहे मी, शोभेचा नारळ नाही. टीममधल्या पोरांनी एक बग 'नोन इश्यू' असं लिहून पुढे ढकलायचा बेत केला होता. मॅनेजर म्हणे, लोकांना सवय झालीय त्याची, ग्रँड आहे. मी म्हटलं, माहीत असलेला दोष हा दोषच असतो, त्याला नाव दिलं म्हणून तो गुण होत नाही.

घरी आल्यावर सापवाल्यांच्या फोरमवर लावणीचा व्हिडिओ टाकला. कुणी एक उंटावरचा शहाणा लिहितो, ही नक्षी आणि हे डोकं हलणं एकाच जनुकातून येतं, नक्षी घेतली की हलणंही घ्यावं लागतं, अशा मादीपासून पिल्लं काढू नयेत. त्याच्याकडे असा साप नसणार, दुसरं काय. जळतात लेकाचे.

६ जून, शुक्रवार

सहा अंडी! पांढरीशुभ्र, चिकटून बसलेली. आज सुट्टी टाकली. हॉट प्रेसमधले, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातले, सुमेधाचे सगळे टॉवेल बाहेर काढले आणि तिथल्या उबेत अंड्यांचा डबा ठेवला, थर्मोस्टॅट लावून. लावणीने तेवढ्यात स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या. आनंद मावेना बिचारीला.

बॅनरसुद्धा छापायला टाकला, 'लावणी लाईन, क्लोनडॉकिन'. पुढच्या वर्षी हिच्या मुलींपासून पिल्लं, त्याच्या पुढे नातींपासून. सुमेधाने कामावरून आल्यावर बेडवर टॉवेलांचा ढीग बघितला आणि घड्या घालत बसली. मी म्हटलं, "आजी झालीस!" ती म्हणाली, "आज एक बाई आली होती क्लिनिकला. चक्कर इतकी की भिंत धरून रांगत आली." मी म्हटलं, "बरं, पण सहाच्या सहा अंडी चांगली आहेत." तिने दिवा मालवला.

३ ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांत लिहावा असा गेला. निदान संध्याकाळपर्यंत.

नागपंचमी खरी मंगळवारी झाली, पण इथे पंचांगापेक्षा रविवार मोठा. आपल्या इथल्या मराठी मंडळाचा विशाल, जो दोन माणसं जमली की कार्यक्रम करतो, त्यानेच टूम काढली की यंदा भिंतीवरच्या चित्राची पूजा कशाला, हृषीकडे जिवंत नाग आहे! मी सांगितलं, नाग नव्हे, अजगर. तो म्हणाला, देवाला चालतं. वीसेक माणसं आली. सुमेधाने परंपरेप्रमाणे चिरणं नाही, तळणं नाही, पुरणाची दिंडं उकडली. विशालचे वडील प्रकाशकाका साताऱ्याहून आलेत दोन महिन्यांसाठी, त्यांना जिना चढवेना, ते खालीच दिंडं खात बसले. दूध मात्र मी दाराबाहेरच ठेवायला लावलं, साप दूध पीत नाही हे तीनदा सांगून.

वर बॉक्सरूममध्ये लावणीला हातावर घेऊन उभा राहिलो, माणसं पार जिन्यापर्यंत. विशालने स्पीकर लावला, टाळ्या, झांजा, आरती. आणि काय सांगू! लावणीची मान हलू लागली. आधी हळू, मग जोरात, आरती चढली तशी तीही चढली. बायकांनी हात जोडले. मंडळातल्या अक्षयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "साक्षात!" असं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांचे मोबाईल माझ्यावर. नागपूरला लहानपणी मी धामण पकडली म्हणून बाबांनी पट्ट्याने मारलं होतं. आज वाटलं, बाबा, या बघायला.

तिथल्या तिथे तीन घरांनी पिल्लं मागितली. नक्षीवालीच हवीत, डोलणारी. देवघरापाशी ठेवतो म्हणाले. विशालने जाहीर केलं की गणपतीत मंडळातर्फे माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

सुमेधा दिंडांचं ताट घेऊन दारात आली होती. करार मोडून, सहा वर्षांत पहिल्यांदा. ताट हातात तसंच धरून ती लावणीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता तरी पटलं हिला.

सगळे गेल्यावर भांडी घासताना म्हणाली, "हृषी, ती डोलत नाहीये."

"मग काय करतेय?"

"तिला वर कुठे, खाली कुठे ते कळत नाहीये. माझे पेशंट असेच मान हलवून तोल शोधत असतात. तिच्या कानाच्या आत काहीतरी जन्मापासून बिघडलंय. आणि तुम्ही जितक्या जोरात गायलात ना, तितकी ती जास्त घाबरली."

४ ऑगस्ट, सोमवार, बँक हॉलिडे

डोकं फिरलंय माझं. सहा वर्षं खोलीत न फिरकलेली बाई दोन मिनिटांत निदान करते! मी म्हटलं, तू माणसांच्या कानांची डॉक्टर, सापाला बाहेर कान तरी असतो का? ती म्हणाली, बाहेर नसतो, आत असतो, तोल तिथेच सांभाळला जातो. मी म्हटलं, तुला माझं एक सुख बघवत नाही. हे बोलायला नको होतं. ती शांतपणे म्हणाली, "मी दिवसभर चक्कर येणाऱ्या माणसांचं ऐकते. घरी माझं कोण ऐकतं ते मला माहीतच आहे." आणि इशिताला घेऊन पार्कात गेली.

आता यात ऐकण्याचा काय संबंध? विषय सापाचा होता.

५ ऑगस्ट, मंगळवार

टेस्टर माणूस आहे, परीक्षा घेतल्याशिवाय राहवेना. सरदारला उताणा ठेवला. पापणी लवते न लवते तो सुलटा झाला. मग लावणीला ठेवलं.

आज जास्त लिहायला वेळ नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

पाच पिल्लं! एक अंडं वाया गेलं, बाकी पाच नाकं बाहेर. ओलं, इवलंसं नाक आणि त्यामागे डोळे. मी हॉट प्रेससमोर मांडी घालून बसलो आणि ढसाढसा रडलो. लिहितो खरं तेच. मी, हृषीकेश, ज्याच्याकडे चार कुंड्या टिकल्या नाहीत, त्याच्या घरात पाच जीव.

दोन साधी, बापावर गेलेली. तीन नक्षीवाली, आईसारखी. नक्षी अशी की हातमागावर काढावी. इशिताने सगळ्यांत लहानाचं नाव बिस्किट ठेवलं. सुमेधासुद्धा जिन्यापर्यंत येऊन म्हणाली, "सुंदर आहेत रे." सोमवारचं मनात ठेवलं नाही तिने. मीही मोठ्या मनाने ठेवलं नाही.

तिघांचीही मान हलते. एकूण एक तिघांची. साध्या दोघांची नाही. मी बराच वेळ बघत बसलो, यात एखादा अपवाद निघतो का ते.

२४ ऑगस्ट, रविवार

पहिली कात टाकून झाली, आता खायला हवं. साध्या दोघांनी पहिल्याच झेपेत उंदराचं पिल्लू धरलं. नक्षीवाल्या दोघांना पाच-सहा प्रयत्न लागले, पण धरलं. बिस्किटाला जमत नाही. झेप घेतो आणि उलटाच पडतो, स्क्रूसारखा पिळला जातो आणि स्वतःची शेपटी कुठाय तेही त्याला कळत नाही. तीन वेळा दिलं, तीन वेळा तेच. पाठीची रेघ वर आलीय.

आज मी चिमट्याने तोंडात भरवायला गेलो तर त्याचं डोकं चिमट्यापाशी टिकेना. दार उघडं होतं. सुमेधा आत आली, काही न विचारता. हात धुऊन आलेली, ऑपरेशनला येते तशी. बिस्किटाचं डोकं दोन बोटांत असं धरलं की त्याची थरथर थांबली. "आता दे," म्हणाली. घास गेला. दहा मिनिटांनी त्याने तो उलटून टाकला.

मी म्हटलं, "उद्या पुन्हा बघू." ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हो, उद्या बघू." तिला उद्याचं काय ते माहीत होतं, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

दुपारी त्या फोरमवरचं सगळं पुन्हा वाचलं, शिव्या न देता. उंटावरचा शहाणा खरं तेच सांगत होता. नक्षी आणि दोष जोडूनच येतात, कुणाला कमी, कुणाला जास्त, आणि कुणाला किती ते अंडं फुटेपर्यंत कुणाच्या हातात नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. मी तर बाब्याला देव्हाऱ्यात बसवला होता.

२८ ऑगस्ट, गुरुवार

बिस्किटाला नासला सापांचं कळणाऱ्या व्हेटबाईंकडे नेलं. सुमेधाने क्लिनिक दुसऱ्याकडे दिलं आणि बरोबर आली. बाईंनी त्याला टेबलावर ठेवून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, याला भूक लागलीय आणि अन्न समोर असून सापडत नाही, आणखी किती दिवस असं ठेवायचं? मी विचारलं, औषध? त्या म्हणाल्या, नाही, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणं एवढंच. मग मी हो म्हटलं. मीच म्हटलं, सुमेधावर ढकललं नाही.

पेन्सिलीएवढा जीव. झोपल्यावर पहिल्यांदा त्याची मान सरळ राहिली. गाडीत मी म्हटलं, "मी केलंय हे, सुमेधा. आवडीने, नवस केल्यासारखं केलंय." तिने नाही म्हटलं नाही, त्याबद्दल तिचे उपकार. फक्त म्हणाली, "मग आता काय करतोस ते बघ."

घरी येऊन विशालला फोन केला. पिल्लं कुणालाही देणार नाही, आणि का देणार नाही तेही सांगितलं. तो म्हणाला, "अरे, कशाला लोकांना सांगतोस? श्रद्धा आहे त्यांची. आणि रविवारी तुझा सत्कार आहे, पत्रिका गेल्यात." मी म्हटलं, बघतो.

३१ ऑगस्ट, रविवार

हॉल भरलेला. स्टेजवर गणपती, खाली दोन-अडीचशे माणसं. पडद्यावर नागपंचमीचा व्हिडिओ, लावणीची मान आणि आरती. टाळ्या. मला शाल घातली, नारळ हातात दिला. खोटं का बोलू, त्या क्षणीसुद्धा आत गुदगुल्या झाल्या. वाटलं, दोन शब्द गोड बोलावे आणि खाली उतरावं. कुणाचं काय बिघडणार होतं?

माईक घेतला. म्हटलं, "मंडळी, या व्हिडिओत तुम्ही बघताय ती भक्ती नाही. तो आजार आहे. माझ्या लावणीला जन्मापासून तोल नाही. तिला गरगरतंय, आणि मी तिला आरतीत उभी केली. तिच्या तिन्ही नक्षीवाल्या पिल्लांना तेच मिळालं, त्यातलं एक गुरुवारी गेलं. हे मला माझ्या बायकोने भांडी घासता घासता सांगितलं होतं आणि मी तिच्यावर ओरडलो. पिल्लं मी कुणाला देणार नाही. माझ्या घरी यापुढे ही नक्षी जन्माला येणार नाही. शाल परत घ्यायची असेल तर घ्या, नारळही घ्या."

विशालचा चेहरा पांढरा पडलेला. मागून एकजण म्हणाला, "आपल्याला नाही वाटत तसं. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय." दोन-चार माना हलल्या. अक्षया उठून बाहेरच गेली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आता उलट बोलणार, एवढ्यात पहिल्या रांगेतून प्रकाशकाका काठी टेकत उभे राहिले.

"आरं, मला बी सकाळी उठलं की आसंच गरगरतंय. भित धरून मोरीत जातो म्या." मग पडद्याकडे काठी केली. "मग उद्या मला बी हळदकुकू वाहून आरती करनार का काय रं, विशाल?"

कुणीतरी खुदकन हसलं, मग आख्खा हॉल. विशाल मात्र हसला नाही. तो वडिलांकडे बघत होता. म्हणाला, "आबा, तुम्हाला चक्कर येते? कधीपासून?"

काका म्हणाले, "आल्यापास्नं. तू कामात व्हतास."

विशालने माझ्या हातातला माईक घेतला आणि तो व्हिडिओ बंद करायला सांगितला. मी शाल काढत होतो तर म्हणाला, "राहू दे, हृषी. घातलेली शाल काढत नाहीत." खाली सुमेधा तोवर काकांच्या शेजारी जाऊन बसली होती आणि त्यांना विचारत होती, कुशीवर वळलं की येते का, की उठल्यावर. मंगळवारी क्लिनिकला बोलावलंय त्यांना.

अभिमान वाटला. कुणाचा ते नीट सांगता येत नाही, बहुधा सगळ्यांचाच. थोडा माझाही, का लपवू?

१२ ऑक्टोबर, रविवार

सरदारला आणि साध्या दोन पिल्लांना चांगली घरं मिळाली. लावणी आणि तिची दोन नक्षीवाली पोरं इथेच, मरेपर्यंत. त्यांच्या पेट्या बुटक्या केल्या, पडायला उंचीच नको. खायला देताना दिवा मंद, उंदीर थेट ओठांशी. परवा लावणीने पहिल्याच झेपेत धरला! मी असा ओरडलो की शेजारचा माणूस भिंतीवर ठोकून विचारतो, ऑल राइट?

डेक्लनचा फोन आला होता. थंडी आली, जोड्या लावायचे दिवस, मलिंगार गावचा एक नवा मुलगा नक्षीवाली मादी शोधतोय, देतोस का? मी म्हटलं, नाही, आणि त्या मुलाचा नंबर दे. त्याच्याशी तासभर बोललो. डेक्लन चिडलाय. चिडू दे.

आणि सगळ्यांत मोठी बातमी. सुमेधा आता रोज कामावरून आली की चहाचा कप घेऊन बॉक्सरूममध्ये येते. मी पेट्या पुसत असतो, ती खुर्चीत पाय वर घेऊन बसते आणि दिवसभरात काय काय झालं ते सांगते. प्रकाशकाकांची चक्कर मानेच्या एका व्यायामात गेली, ते साताऱ्याहून फोन करून सांगतात की आता विहिरीवर एकटे जातात. मी ऐकतो, मध्येमध्ये विचारतो. सापांकडे ती फारशी बघतही नाही, पण एक दिवस चुकवत नाही.

सहा वर्षं लागली, पण बाईला शेवटी सापांची गोडी लागली. मी म्हटलंच होतं, लागेल म्हणून.